नावनोंदणी

रात्रीचे अडीच. तबिता माझ्या डाव्या खांद्यावर.
तिच्या पोटात वायू, माझ्या पोटात आजची दुपार.
नंदानगरच्या या गॅलरीत सात पावलं जाता येतं,
मग पंचोलींच्या कुंड्या लागतात. वळायचं.

दुपारी यादीवाल्या बाई आल्या होत्या.
चांगल्या होत्या. पंख्याखाली बसल्या, पाणी प्यायल्या,
‘अमोलिक’ कसं लिहायचं ते दोनदा विचारलं,
मग सहज, पेनाचं टोपण चावत, भिंतीकडे बघून :
“आप तो मराठी हो ना भिया? फिर ये क्रॉस?”

कागदावर तो प्रश्न नव्हता.
तरी मी उत्तर दिलं, आणि फार लांब दिलं :
आजोबा जालन्याहून आले, मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर,
जन्मभर या शहराच्या खोकल्याच्या बाटल्यांवर
चिठ्ठ्या चिकटवल्या.
पप्पा मालवा मिलमध्ये, भोंगा बंद होईपर्यंत.
मी सियागंजात, पंपांच्या दुकानात, बिलं करतो.
जणू जामीन मागत होतो.

बाई गेल्यावर सुवार्ता आतून म्हणाली,
“तिनं स्पेलिंग विचारलं, तू वंशावळ दिलीस.”

वळायचं.

गेल्या गुरुवारी आमच्याकडे प्रार्थना होती.
नऊ माणसं, एक पेटी, साबुदाण्याची खिचडी.
दुसऱ्या कडव्याला मी उठलो आणि खिडकी लावली.
कुणी सांगितलं नव्हतं.
रस्त्यावर कुणी नव्हतं, एक कुत्रं होतं, तेही झोपलेलं.
उजागरेमावशींनी माझ्याकडे पाहिलं
आणि सूर एक पट्टी खाली आणला.
चाळीस वर्षं देवळात वरचा सूर धरणारी बाई.
वरचं छप्पर गळायचं तेव्हाही खाली आली नव्हती.

पाळकसाहेब सांगतात, सत्तेवरच्यांसाठी प्रार्थना करा.
करतो. नावं घेताना दात घट्ट मिटतात.
ऐकणारा शब्द ऐकतो, की दातही ऐकतो, ठाऊक नाही.
सुवार्ताचा नळाला मत आहे : जो पाणी आणेल तो.
मी चिडतो. मग तीच तीन वाजता उठून
टाकीत पाणी भरते, आणि मी त्याच पाण्यानं
आंघोळ करून तत्त्वं घालून कामावर जातो.

तू ढेकर दे ना, पोरी.

मला हल्ली सारखा तो सुतार आठवतो.
लहानपणी नाताळच्या नाटकात मला तोच करायचे,
कारण त्याला पाठांतर नसतं.
सम्राटाचा हुकूम, घरोघर मोजदाद,
आणि हा दिवस भरलेल्या बायकोला घेऊन
आपल्या गावी नाव लिहायला निघालेला.
पुढे तारा, मेंढपाळ, सगळं सगळ्यांना पाठ आहे.
पण त्या रांगेत काय झालं?
कारकुनानं काय विचारलं? पोटाकडे बघून हसला का?
यानं किती लांब उत्तर दिलं?
लिहिणाऱ्यांनी त्याच्या तोंडी एक वाक्य ठेवलं नाही.
मी आजवर समजत होतो, तो श्रद्धेनं गप्प होता.

पलीकडचा दिवा लागला.
पंचोली, बनियन, जानवं, हातात वाटी.
त्यांच्या कठड्याचा झेंडा निवडणूक होऊन गेली तरी आहे,
काठी आमच्या दोरीत अडकते, कपडे वाळत घालताना मी ती
जरा जास्तच जोरात सोडवतो.
“हींग लगाई क्या? नाभी के चारों तरफ. गुनगुना है.”
कठड्यावरून वाटी दिली.
मी लावला. बोटाला ऊब, वास सगळीकडे.
आम्ही दोघे बाप उभे राहिलो, झेंड्याच्या दोन बाजूंना,
एका चार महिन्यांच्या बाईच्या पादण्याची वाट बघत.

आली. खणखणीत.
पंचोली म्हणाले, “लो, हो गया फैसला,” आणि दिवा घालवला.

मला हसू आलं. मग हसू आल्याचं थोडं वाईट वाटलं.
मग तेही गेलं.

तबिता झोपली. मी अजून चालतोय, सवयीनं.
जन्मदाखल्यावर तिचं नाव चुकलंय, ‘तबीला’,
झोन ऑफिसात पुन्हा जायचंय, दोन फोटो, एक अर्ज.
यावेळी फक्त स्पेलिंग सांगीन.
बघू.

गुरुवारी प्रार्थना पाटोळ्यांकडे.
त्यांच्या खोलीला एकच खिडकी आहे,
आणि तिला दार नाही, नुसते गज.